सुभद्राताईंचा जाहीर सत्कार

माणसांच्या डॉक्टराचं मला कधीच कौतुक वाटलं नाही! पेशंट समोर येऊन बसतो आणि स्वतःच सांगतो, "इथं दुखतं, परवापासून दुखतं, आलूबोंडे खाल्ले तेव्हापासून दुखतं." सगळं त्यानंच सांगितल्यावर डॉक्टरानं वेगळं काय केलं? आमच्याकडे या! आमचा पेशंट बोलत नाही, जीभ दाखवत नाही, आणि दुखतं तिथं हात लावला की लाथ घालतो. त्या लाथेवरून रोग ओळखायचा! अख्खी नोकरी मी हेच केलं. वरूडपासून दर्यापूरपर्यंत असा गोठा सापडणार नाही, जिथं या डॉ. खुशालराव भुयारांनी लाथ खाल्लेली नाही.

त्यामुळे रिटायर झाल्यावर एका कंपनीनं मला वैज्ञानिक सल्लागार मंडळावर बोलावलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. इतका उशीर का केला, एवढंच वाटलं.

कंपनी म्हणजे विपुल. विपुल म्हणजे आमच्या बायकोचा, बेबीताईंचा, अकोल्याचा भाचा. मी त्याच्या आत्याचा नवरा, म्हणून तो मला मामाजी म्हणतो. उद्योगाची त्याला लहानपणापासून हौस. आधी त्यानं संत्र्याचा सोडा काढला. गिऱ्हाईक येईपर्यंत बाटल्या दम धरत नव्हत्या, दुकानातच फटाफट फुटायच्या. मग मच्छर पळवणारी अगरबत्ती काढली. मच्छर राहिले, शेजारी पळाले! आता त्यानं शक्तीची पावडर काढली होती. नाव 'दणकट'.

तो अमरावतीजवळ रहाटगावच्या आमच्या घरी आला तेव्हा हातात चकचकीत डबा होता. डब्यावर एक माणूस उघड्या अंगानं उभा. त्याच्या दंडाची बेडकी आमच्या दारच्या पपईएवढी.

"मामाजी, सल्लागार मंडळात सगळे डॉक्टरच घेऊन राहिलो. तुमी तं पायजेच!"

"अरे बाबू, मी गुरांचा डॉक्टर."

"मंग? डब्यावर 'डॉक्टर' एवढंच छापाचं हाय. गुरांचा का माणसांचा, हे लिहाले जागा कुठं हाय?"

मी बेबीकडे पाहिलं. मला वाटलं, ती भाच्याला झापेल. ती म्हणाली, "जा न! दिवसभर घरी बसून माह्या सैपाकाले सल्ला देता. वरणात हिंग कमी, भाजीत मीठ जास्त. त्यापेक्षा कंपनीले द्या. तिथं ऐकतीन तरी."

ऐकतीन! याच शब्दावर मी फसलो.

मंडळाची पहिली बैठक अकोल्याला, एमआयडीसीतल्या विपुलच्या कारखान्यात झाली. कारखाना म्हणजे एक शेड, एक मिक्सर आणि एक फार मोठा बोर्ड. मंडळात माझ्याशिवाय दोघं होते. एक डॉ. रागिणी, दातांच्या डॉक्टर. दुसरे प्राचार्य डॉ. किसनराव. हे कशाचे डॉक्टर, ते मी चहाच्या वेळी हळूच विचारलं.

"भूगोलाचा," किसनराव भारदस्तपणे म्हणाले. "पूर्णा नदीच्या खोऱ्यावर पीएच.डी. आहे माझी."

"मग इथं कसे?"

"डॉक्टरसाहेब, शरीर हासुद्धा एक प्रदेशच आहे."

यावर डॉ. रागिणींनी मान डोलावली. दातांच्या माणसांना कोणत्याही भोकात काहीतरी खोल दिसतंच.

बैठक दोन तास चालली. त्यातला दीड तास डब्याचं झाकण लाल असावं की सोनेरी, यावर गेला. शेवटी मीच घसा साफ करून म्हटलं, "विपुल, पावडरीत टाकलं काय काय, ते सांग ना."

किसनरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी लग्नाच्या पंगतीत नवरीचं वय विचारलं!

"मामाजी," विपुल म्हणाला, "ते सिक्रेट हाय."

"अरे, पण आम्ही सल्लागार!"

"सल्लागारायपासून तं जास्तच सिक्रेट ठेवा लागते. उद्या तुमाले कोणी विचारलं, अन् तुमी सांगून बसले तं?"

डॉ. रागिणी म्हणाल्या, "माझी हरकत नाही. दातात अडकत नाही ना, मग माझ्या बाजूनं मंजूर." किसनरावांची त्याआधीच सही झाली होती. आम्हा तिघांचे फोटो निघाले. पांढरे कोट विपुलनंच आणले होते. माझ्या कोटाच्या खिशात स्टेथोस्कोप होता, आणि तो प्लास्टिकचा होता!

पण मी काही भूगोलाचा डॉक्टर नव्हे. घरी येऊन मी पावडर बोटावर घेऊन चाखली. डाळ्याचं पीठ, थोडं सोयाबीन, विलायची आणि साखर. साखर तर अशी, की साखरेत पावडर टाकली होती म्हणावं! तरी मी म्हटलं, चवीवर निकाल द्यायचा नाही. विज्ञान म्हणजे प्रयोग. जगात सगळीकडे नवी वस्तू आधी उंदराला देतात आणि मग माणसाला. उंदरांची मला ओळख नाही. म्हशींची आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला पार्वताबाई राहते. अख्ख्या रहाटगावला दूध घालते आणि अख्ख्या रहाटगावला शिव्याही घालते. तिची म्हैस सुभद्रा. काळीभोर, मोठ्या मनाची, तिसऱ्यांदा व्यालेली. मी पार्वताबाईला पावडरीचे डबे नेऊन दिले आणि सांगितलं, "रोज सकाळी आंबोणात मूठभर टाकत जा. मी तपासायला येत जाईन."

"टाकतो न डॉक्टरसायेब," पार्वताबाई म्हणाली. "तुमच्यासाठी काय बी."

आणि काय सांगू! पंधरवड्यात म्हशीचं रूपच पालटलं. कातडी अशी चमकायला लागली, की भांग पाडावा. डोळे पाणीदार. दूध वाढलं. मी रोज विचारायचो, "खाते ना व्यवस्थित?" आणि पार्वताबाई रोज सांगायची, "चाटूनपुसून खाते! टोपलं ठेवत नाही." आणि पुढं हळूच म्हणायची, "आणखी दोन डबे पाठवान?"

मी खूश! विपुलला मोबाइलवर बोलून निरोप पाठवला. शब्द न् शब्द मला आठवतो, कारण नंतर तो निरोप मला अख्ख्या अकोल्यानं ऐकवला.

"विपुल, सुभद्रेचा रिझल्ट एक नंबर हाय. भूक वाढली. कातडी तुकतुकीत झाली. पह्यले उठाले-बसाले तरास होत होता, आता एका झटक्यात उठते. अंगावरचं दूध वाढलं. सभाव बी शांत झाला, आता कोणाच्या अंगावर जात नाही."

आता मला सांगा, गुरांच्या डॉक्टरानं असा निरोप पाठवल्यावर सुभद्रा म्हणजे म्हैस, हे शेंबड्या पोरालाही कळेल की नाही? पण विपुलच्या कंपनीत शेंबडं पोर नव्हतं. एमबीए झालेली पोरं होती!

दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर रंगीत जाहिरात आली. चष्मा घातलेली, जांभळ्या साडीतली एक हसरी बाई. कुठल्या इंटरनेटवरून उचलली होती देव जाणे. खाली लिहिलं होतं: 'अमरावतीच्या सौ. सुभद्राताई म्हणतात, आता मी एका झटक्यात उठते! आता मी कोणाच्या अंगावर जात नाही! नव्या बाळंतिणींसाठी विशेष उपयुक्त. प्रमाणित: डॉ. खुशालराव भुयार.' आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात: 'रविवारी अकोल्यात दणकटचा भव्य शुभारंभ. सुभद्राताईंचा जाहीर सत्कार!'

माझ्या हातातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर! मी तडक विपुलला फोन लावला. मागं मिक्सर घरघरत होता.

"विपुल! अरे, सुभद्रेचा सत्कार कसा काय करतोस?"

"साडी-चोळी देऊ न मामाजी! तुमी फक्त तिले घेऊन या."

"ती कशी येईल? तिला गाडीत बसता येत नाही!"

"गाडी लागते का? निंबू द्या हातात."

"अरे, ती गाडीत मावत नाही!"

"असं होय? मंग मोठी गाडी पाठवतो. अन् मामाजी, बाईच्या वजनावर असं बोलू नोका, दणकटची बदनामी होते."

"विपुल, तिला बोलता येत नाही!"

"लाजत असन. दोन शब्द बोलली तरी बास."

"अरे भैताडा, तिला शिंगं आहेत!"

मिक्सर बंद झाला. मग विपुल अगदी हळू आवाजात म्हणाला, "मामाजी... कोणाले सांगितलं तं नाही न?"

आता इथं कोणताही शहाणा माणूस काय म्हणेल? जाहिरात मागं घे, म्हणेल. मीही तेच म्हटलं. पण विपुल तासाभरात अकोल्याहून निघाला आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बेबीच्या पायाशी बसला.

"आत्या, हॉल ठरला. आमदारायचे पीए येऊन राहिले. शहरभर पत्रिका गेल्या. बाबा म्हणते, हा धंदा बी बुडला तं घरात पाय ठेवू नको. आता तूच तारशीन!"

"मी काय करू बाप्पा?"

"एक दिवस सुभद्राताई हो."

मी ताडकन उठलो. "शक्य नाही! माझी बायको म्हशीच्या जागी उभी राहणार नाही!"

बेबीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा बसलो. ती म्हणाली, "म्हशीच्या जागी म्हणे! लग्न झाल्यापासून दुसरं काय करून राहिली मी? दूधदुभतं, शेणपाणी अन् तुमचा सल्ला." मग भाच्याकडे वळून विचारलं, "साडी कोणती देतं रे?"

"पैठणी, आत्या."

"काठ पाहून घेजो."

झालं! रविवारी आम्ही अकोल्यात. हॉल गच्च भरलेला. बाहेर मांडवात पावडरीचे डबे रचून ठेवले होते आणि विकायला पोरी बसलेल्या. स्टेजवर आम्ही तीन पांढरे कोट, मधोमध आमदारांचे पीए आणि टोकाला माझी सख्खी बायको, सौ. सुभद्राताई म्हणून! मी तिच्याकडे पाहत नव्हतो. ती मात्र मजेत होती. शेजारच्या डॉ. रागिणींना आपली दाढ दाखवत होती.

विपुलनं भाषण केलं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका पोरानं विचारलं, "दंड किती दिवसात वाढतीन?" किसनराव माइक ओढून म्हणाले, "जमीन सुपीक असेल तर पीक लवकर येतं." टाळ्या! एका आजोबांनी गुडघ्याचं विचारलं. डॉ. रागिणी म्हणाल्या, "हाडं आणि दात एकाच मातीचे." पुन्हा टाळ्या! मी मनात म्हटलं, चालू द्या, डाळ्याचं पीठच आहे, कोणी मरत नाही.

मग तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, काखेत पिशवी. घाबरत म्हणाली, "माह्या सासूले लय शुगर हाय. पायाची जखम भरून नाही राहिली. तिले अशक्तपणा हाय तं हे देऊ का?"

किसनरावांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "निश्चित द्या! दिवसातून तीनदा."

साखर मी माझ्या बोटानं चाखली होती हो! जनावराला चुकीचं औषध मी कधी दिलं नाही, आणि इथं माझा फोटो छापलेला डबा त्या म्हातारीच्या घरी जाणार होता. मी उठलो. माइक हातात घेतला. विपुलनं डोळ्यांनी खुणा केल्या, मी पाहिलंच नाही.

"बंधू-भगिनींनो," मी म्हणालो, "मला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. ही सुभद्रा जी आहे..."

"हाय न! हे पाय, आली सुभद्रा!"

आवाज दारातून आला. सगळ्या हॉलनं माना वळवल्या. दारात पार्वताबाई उभी! नवं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. आणि तिच्या मागं, आत्ताच 'छोटा हत्ती' टेम्पोतून उतरवलेली, शिंगांना गोंडे बांधलेली, गळ्यात झेंडूचा हार घातलेली सुभद्रा!

पार्वताबाई कासरा ओढत मधल्या वाटेनं सरळ पुढं आली. वाटेतली माणसं दोन्ही बाजूंना अशी सरकली, जशी नांगरापुढं ढेकळं.

"काहून हो डॉक्टरसायेब!" ती खालूनच ओरडली. "माह्या सुभद्रेचा सत्कार, अन् मलेच बोलावणं नाही? सुनेनं मोबाइलवर वाचून दाखवलं म्हणून समजलं! येवढ्या दूरून घेऊन आलो तिले, रस्त्यानं दोनदा गाडी थांबवून पाणी पाजलं. आना साडी-चोळी इकडं!"

पीएसाहेबांनी स्टेजवरच्या बेबीकडे पाहिलं, खालच्या म्हशीकडे पाहिलं आणि विपुलला विचारलं, "यातली सुभद्राताई कोणती?"

विपुलचं तोंड उघडं ते उघडंच. उठली ती बेबी! पदर खोचून म्हणाली, "दोघी बी! नाव काय एकीच्याच बापाचं असते का?"

लोक खो खो हसले. पण मागून एक जण ओरडला, "म्हशीवर टेस्ट केली काय बे ही पावडर?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "होय. मी गुरांचा डॉक्टर आहे. प्रयोग मी या म्हशीवरच केला, आणि तिला गुण आला, हेही खरं आहे."

"खाऊन दाखवा!" दुसरा ओरडला. "आमच्यासमोर चारा तिले!"

विपुलला धीर आला. त्यानं स्वतः डबा फोडला, परातीत ओतला आणि परात सुभद्रेपुढं ठेवली. शेकडो मोबाइल वर झाले. सुभद्रेनं मान खाली घातली. हुंगलं. तिनं नाक वर केलं आणि अशी शिंकली, की सगळी पावडर पीएसाहेबांच्या काळ्या कोटावर! मग तिनं परातीकडे पाठ केली, शेपटी उचलली आणि सभेला आपलं मत कळवलं.

"पार्वताबाई!" मी किंचाळलो. "तू तर म्हणायचीस, चाटूनपुसून खाते!"

पार्वताबाईनं पदर तोंडाला लावला. पण ती काही लाजणारी बाई नव्हे. "आता इचारलंच तं सांगतो. तिनं पह्यल्याच दिवशी तोंड फिरवलं. मंग वाया थोडीच घालाचं? तूप टाकून लाडू वळले अन् बाजारात नेऊन विकले. हातोहात गेले!"

"मग तिची कातडी? दूध?"

"मक्याचा हिरवा चारा सुरू केला न मी त्याच हप्त्यात! तुमी चाऱ्याचं कधी इचारलंच नाही, पावडरीचंच इचारत होते."

मी माइक टेबलावर ठेवून दिला. माझ्या आयुष्यातल्या एकमेव वैज्ञानिक प्रयोगात पेशंटनं औषध घेतलंच नव्हतं! आणि अख्ख्या मंडळात माल हुंगून, तपासून मत दिलं ते एका सुभद्रेनं. तिचा डब्यावर फोटोही नव्हता.

मला वाटलं, संपलं. आता लोक खुर्च्या फेकणार. विपुलची कंपनी संत्र्याच्या सोड्याच्या आणि अगरबत्तीच्या वाटेनं जाणार. पण मी त्या पोराला ओळखलंच नव्हतं. विपुलनं माइक उचलला. आवाज असा गहिवरलेला, जसा कीर्तनात असतो.

"मित्रांनो! पाहालं तुमी? आपल्या डोळ्यानं पाहालं? म्हशीनं नाही खाल्लं! काहून नाही खाल्लं? कारण मुकं जनावर बी ओळखते, हे जनावराचं खाद्य नोहे! बाजारातल्या बाकीच्या पावडरी ठेवा तिच्यापुढं, कोणती सोडन याची ग्यारंटी हाय का? दणकट शंभर टक्के माणसायसाठीच हाय!"

मग मागून टाळी वाजली. मग दुसरी. मग अख्खा हॉल! किसनराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. डॉ. रागिणी मला म्हणाल्या, "मुद्दा वैज्ञानिक आहे हो." लोक शेणाला वळसा घालून बाहेरच्या डब्यांकडे धावले!

मी कोट काढून फेकला आणि गर्दीत शिरलो. हिरव्या साडीतली ती बाई डबा हातात घेऊन उभी होतीच.

"बाई, घेऊ नका!" मी म्हणालो. "यात साखर आहे. सासूबाईंना विषासारखी आहे!"

तिनं मला खालीवर पाहिलं. "तुमी तं गुरांचे डॉक्टर न?"

"हो, पण..."

"मंग आमच्या सासूचं तुमाले काय समजते?"

तिनं डबा पिशवीत घातला. चाळीस वर्षं लाथा खाल्ल्या, पण अशी वर्मी कोणत्याच म्हशीनं मारली नव्हती!

तेवढ्यात मागून बेबी आली. अंगावर नवी पैठणी, हातात नारळ. तिनं त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. "काहून माय, सासूवर राग हाय का तुहा?"

"नाही वं ताई! लय चांगली हाय. माह्या दोन्ही बाळंतपणात तिनंच केलं माहं."

"मंग काहून मारून राहिली तिले? अवं, साखर हाय ही नुसती, दुकानातली. चल, सरकारी दवाखान्यात दाखव तो पाय. ठेव तो डबा."

बाईनं डबा मुकाट्यानं काढून ठेवला. बेबीचा हात धरून तिनं कोणत्या दिवशी जायचं, कुणाला भेटायचं, उपाशीपोटी जायचं का, सगळं विचारून घेतलं. मग आणखी दोघी-तिघी बायका बेबीभोवती जमल्या. कुणाचे केस गळत होते, कुणाचं पोर जेवत नव्हतं. बेबी सगळ्यांना सांगत होती आणि सगळ्या ऐकत होत्या. मी बोललो की घरात भिंतसुद्धा ऐकत नाही!

परतीच्या वाटेवर मी गाडीतूनच विपुलला फोन करून राजीनामा दिला. खणखणीत दिला! "माझं नाव, माझा फोटो, सगळं काढ. मी विज्ञानाचा माणूस आहे!" तो नुसता "हव मामाजी, हव मामाजी" करत होता. बेबी खिडकीतून बाहेर पाहत पैठणीच्या काठावरून बोट फिरवत होती.

पुढच्या आठवड्यात विपुल पुन्हा आमच्या ओसरीवर हजर. मी मनाशी ठरवलं, पाया पडला तरी ऐकायचं नाही. फार तर तिसऱ्यांदा विनवलं की विचार करू. मी छाती काढून बसलो. तो माझ्या समोरून सरळ आत गेला.

"आत्या, मंडळात एक जागा खाली झाली. त्या दिवशी तू बायायले कसं समजावलं, ते मी पाहालं. त्या दिवसापासून फोनवर बाया तुलेच विचारून राहिल्या."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "शुगरवाल्यायनं घेऊ नये, असं डब्यावर छापशीन?"

"छापतो."

"मोठ्या अक्षरात. नाही तं मी येत नाही."

विपुलनं डोकं खाजवलं. "बरं, मोठ्या अक्षरात."

इतक्या बैठका झाल्या, इतके चहा-आलूबोंडे झाले, पण त्या कंपनीला मिळालेला पहिला खरा सल्ला तो हाच! मला राहवलं नाही. मी ओसरीवरून ओरडलो, "अरे, पण ते डॉक्टरांचं मंडळ आहे! ही कुठं डॉक्टर आहे?"

विपुल दारात आला आणि मला समजावून सांगायला लागला, जसं म्हाताऱ्या बैलाला समजावतात. "मामाजी, पाटलाची बायको पाटलीण, मास्तराची बायको मास्तरीण. मंग डॉक्टराची बायको कोण?"

नवे डबे आलेत. शुगरची ओळ खरंच मोठ्या अक्षरात आहे, आणि वर बेबीचा पैठणीतला फोटो: 'डॉक्टरीण बेबीताई भुयार'. आता सकाळपासून दारात बायकांची रांग असते. काल एका बाईनं मला फाटकात पाहून आदरानं विचारलं, "डॉक्टरीणबाई हायेत का घरी?" मी म्हणालो, "आहेत." ती म्हणाली, "मंग हे माही बकरी धराल का जरा? आत जाऊन येतो."

धरली. चांगली निरोगी होती बकरी. तरी तिनं लाथ मारलीच.